'प्रिव्हिलेज': एक शाळा, एक वर्ष आणि डिटेक्टरला न दिसलेलं

कोर्सवर्कच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात केस स्टडीवर एक प्रश्न ठरलेला असतो. व्याख्या लिहायची, चार फायदे लिहायचे, चार मर्यादा लिहायच्या आणि मर्यादांमध्ये 'या पद्धतीतील निष्कर्षांचे सामान्यीकरण करता येत नाही' हे वाक्य टाकायचं. मार्क मिळतात. सायन्समधून आलेल्यांना तर हे वाक्य लिहिताना जरा आनंदच होतो. एकच सॅम्पल, कंट्रोल नाही, रेप्लिकेट नाही, आणि मोजण्याचं उपकरण म्हणजे खुद्द संशोधक! याला संशोधन कसं म्हणायचं?

म्हणून आज या पद्धतीचं एक अख्खं पुस्तक घेऊन बसू. शेमस रहमान खान या समाजशास्त्रज्ञाचं 'प्रिव्हिलेज' हे पुस्तक २०११ साली प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं आणि त्याला त्या वर्षीचा सी. राइट मिल्स पुरस्कारही मिळाला. विषय काय, तर अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावाजवळची सेंट पॉल्स ही एक निवासी शाळा. एक शाळा, एक शैक्षणिक वर्ष, एक संशोधक. पुस्तक मला मनापासून आवडतं. त्यावर माझे दोन मोठे आक्षेपही आहेत, आणि त्यातला एकही सॅम्पल साइझचा नाही. तुमच्यापैकी जे स्वतःच्याच कॉलेजात, गावात किंवा समाजात फील्डवर्क करायचं म्हणताय त्यांनी तर हे आक्षेप सिनॉप्सिस लिहायच्या आधी वाचावेत.

आधी शाळेबद्दल, कारण तिची ओळख नसेल तर पुढचं काही लागणार नाही.

सेंट पॉल्स ही 'इंडिपेंडंट एपिस्कोपल' शाळा आहे. एपिस्कोपल चर्च म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं अमेरिकेतलं भावंड. स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथल्या अँग्लिकन मंडळींना इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानणं शक्य नव्हतं, म्हणून १७८९ साली त्यांनी आपलं वेगळं चर्च उभं केलं. उपासनेची रीत बरीचशी तीच, बिशपांची व्यवस्था तीच, राजा मात्र नाही. मुंबईतलं कॅथेड्रल अँड जॉन कॅनन तुम्हाला माहीत असेलच. १८६० साली सुरू झालेली ती शाळाही याच अँग्लिकन कुळातली. 'इंडिपेंडंट' म्हणजे सरकारी पैशावर न चालणारी, स्वतःचं विश्वस्त मंडळ असलेली, फी आणि देणग्यांच्या व्याजावर उभी असलेली. आपल्याकडच्या 'विनाअनुदानित' या शब्दाने तिचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. विनाअनुदानित म्हटलं की आपल्याला पगार थकलेले शिक्षक आठवतात. इथे शाळेच्या निधीचा आकडा कोट्यवधी डॉलर्समध्ये मोजतात.

ही शाळा १८५६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. बॉस्टनचे एक श्रीमंत डॉक्टर, जॉर्ज शॅटक, यांचं कॉन्कॉर्डजवळ ग्रामीण भागात घर होतं, ते त्यांनी शाळेसाठी दिलं. पहिल्या दिवशी विद्यार्थी किती? तीन. त्यातले दोन खुद्द डॉक्टरांचे मुलगे. मुख्याध्यापक म्हणून, तिथल्या भाषेत 'रेक्टर' म्हणून, हेन्री ऑगस्टस कॉइट हे तरुण पाद्री आले, वय २६. म्हणजे साधारण तुमच्या-माझ्या वयाचा माणूस. ते १८९५ मध्ये वारले तोपर्यंत, जवळजवळ ४० वर्षं, तेच रेक्टर होते. शहरापासून दूर, तळी आणि झाडीत, मुलं आणि शिक्षक एकत्र राहणार, रोज चॅपलमध्ये एकत्र प्रार्थना करणार, आणि त्या एकत्र राहण्यातूनच शिक्षण होणार अशी ती कल्पना. १८८० च्या दशकात हेन्री व्हॉन या वास्तुविशारदाने बांधलेलं मोठं चॅपल आजही शाळेच्या मध्यभागी आहे. मुलींना प्रवेश १९७१ मध्ये मिळाला. आज सुमारे २००० एकरांचा परिसर आणि पाचशेच्या वर विद्यार्थी. सगळे तिथेच राहणारे, डे-स्कॉलर कोणी नाही. आपल्या नववी ते बारावीला तिथे थर्ड फॉर्म ते सिक्स्थ फॉर्म म्हणतात, ही इंग्रजी शाळांची उसनी भाषा. अमेरिकेत आइस हॉकी आणि स्क्वॉश रुजवणाऱ्या सुरुवातीच्या ठिकाणांमध्ये या शाळेचं नाव घेतात. माजी विद्यार्थ्यांत धाकटे जे. पी. मॉर्गन आहेत, जॉन केरी आहेत, एफबीआयचे माजी प्रमुख रॉबर्ट म्युलर आहेत. केरी आणि म्युलर तर शाळेच्या हॉकी संघात एकत्र होते.

माजी विद्यार्थ्यांतलं आणखी एक नाव आपल्या कामाचं आहे. डिग्बी बाल्टझेल. अमेरिकेतल्या गोऱ्या, अँग्लो-सॅक्सन, प्रोटेस्टंट उच्चवर्गासाठी 'वॉस्प' हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला ते समाजशास्त्रज्ञ. म्हणजे या एका शाळेने उच्चवर्गाचा अभ्यास करणारे दोन समाजशास्त्रज्ञ दिले, बाल्टझेल आणि खान. बाल्टझेल यांनी १९५८ च्या 'फिलाडेल्फिया जंटलमेन' या पुस्तकात दाखवलं होतं की वेगवेगळ्या शहरांतल्या श्रीमंत घराण्यांतून एक देशव्यापी उच्चवर्ग तयार व्हायला निवासी शाळा आणि एपिस्कोपल चर्च या दोन्हींचा हातभार लागला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खान. वडील पाकिस्तानातून अमेरिकेत आलेले, आई आयर्लंडची, दोघंही ग्रामीण भागातली. वडील सर्जन झाले, घरात पैसा आला आणि मुलगा १९९३ मध्ये सेंट पॉल्समध्ये दाखल झाला. गेल्या गेल्या त्याच्या लक्षात आलं की त्याच्या वसतिगृहात बहुतेक मुलं काळी आणि लॅटिनो आहेत. इतकी गोरी शाळा, आणि अल्पसंख्याक मुलं एकाच इमारतीत! साधारण दहा वर्षांनी पीएच.डी. करताना खान तिथेच परत गेले, या वेळी शिक्षक म्हणून. शिकवलं, खेळांचं कोचिंग केलं, कॅम्पसवरच राहिले आणि वर्षभर नोंदी घेतल्या. आपण संशोधन करतोय हे त्यांनी लपवलं नाही.

त्यांचा प्रश्न फार सरळ आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अशा शाळांची दारं उघडली. मुली आल्या, काळी मुलं आली, स्थलांतरितांची मुलं आली, शिष्यवृत्त्या आल्या. मग त्याच काळात अमेरिकेतली आर्थिक विषमता कमी व्हायला हवी होती. ती वाढली. हे कसं? याला ते 'लोकशाहीवादी विषमता' म्हणतात.

त्यांचं उत्तर असं की शाळा आता मुलांना 'तुम्ही मोठ्या घरचे आहात' असं शिकवत नाही. ती तीन गोष्टी शिकवते. उतरंड नैसर्गिक आहे, आणि ती छत नसून शिडी आहे, चढता येते. माणूस कोण आहे यापेक्षा त्याने काय अनुभवलं, काय केलं याला किंमत आहे. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: कुठेही, कोणासमोरही सहज वावरता आलं पाहिजे. या सहजपणालाच खान 'प्रिव्हिलेज' म्हणतात. आडनावावर हक्क सांगणारा मुलगा आज या शाळेत चेष्टेचा विषय होतो. 'मी मेहनतीने इथे आलोय' म्हणणारा खरा विद्यार्थी. गंमत अशी की खान बारकाईने बघतात तेव्हा मेहनतीबद्दल बोलणं खूप दिसतं, प्रत्यक्ष मेहनत त्या मानाने कमी.

हे सगळं सिद्ध कसं करतात ते बघा, कारण पुस्तकाची ताकद तिथे आहे. वर्षाच्या सुरुवातीला चॅपलमध्ये 'जागा घेण्याचा' विधी होतो. तिथले बाक एकमेकांसमोर तोंड करून, पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले. सगळ्यात वर मागे शिक्षक, तेही किती वर्षं नोकरी झाली त्या क्रमाने, मग सिक्स्थ फॉर्म, आणि सगळ्यात खाली पुढे नवी मुलं. प्रत्येकाला ठरलेली जागा दाखवतात आणि वर्षभर तो तिथेच बसतो. आठवड्यातल्या अनेक सकाळी चॅपल असतं. म्हणजे चौदा वर्षांचं पोर रोज सकाळी डोळ्यांनी बघतं की आपण कुठे आहोत, आणि तीन वर्षांनी कुठे असणार आहोत. शिडी! कोणी भाषण द्यायची गरजच नाही.

जेवणाचंही तेच. काही संध्याकाळी औपचारिक पोशाखात, शिक्षकांसोबत, ठरवून दिलेल्या टेबलावर बसून जेवायचं. नव्या मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण काही महिन्यांत तीच मुलं कोणाही मोठ्या माणसाशी हसून, आदर राखून, तरी बरोबरीने बोलायला लागतात. आपल्यापैकी ज्यांनी आरएसीच्या मीटिंगमध्ये बाहेरच्या एक्सपर्टसमोर चहाचा कप हातात धरून काय बोलावं या विचारात दहा मिनिटं काढली आहेत, त्यांना हे प्रकरण वाचताना काहीतरी टोचेल. तो सहजपणा शिकवता येतो, त्यासाठी संस्था पैसे खर्च करून टेबलं मांडते, आणि नंतर तो मुलाचा 'स्वभाव' म्हणून मोजला जातो.

अभ्यासक्रमाच्या प्रकरणातलं उदाहरण तर मी अनेकांना सांगितलंय. मुलांना 'बेओवुल्फ' हे प्राचीन इंग्रजी महाकाव्य आणि 'जॉज' हा शार्कचा सिनेमा यांची तुलना करायला सांगतात. जुन्या पद्धतीचा उच्चवर्ग फक्त महाकाव्याबद्दल बोलला असता. नव्याला दोन्हीत सारखाच रस घेता येतो, ऑपेराही चालतो आणि रॅपही. आवडींच्या भिंती बांधण्यापेक्षा सगळीकडे वावरता येणं हीच आता वरच्या वर्गाची खूण. आणि मग ज्याला हे जमत नाही तो 'संकुचित', दोष त्याचा!

आता सॅम्पल साइझ. खान असं म्हणतच नाहीत की अमेरिकेतल्या सगळ्या शाळा अशा आहेत. त्यांना एक यंत्रणा दाखवायची आहे: दारं उघडी आणि विषमता कायम, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा शक्य होतात. एखाद्या एन्झाइमची क्रिस्टल रचना सोडवणारा एकाच प्रथिनावर वर्षं घालवतो. 'एकच प्रथिन का घेतलं' असं त्याला व्हायवात कोणी विचारत नाही. विचारतात ते हे, की रचनेतला जो भाग तू दाखवतोस त्याचा पुरावा आहे का, आणि जो भाग नकाशात दिसलाच नाही त्याचं काय. खानच्या पुस्तकालाही हाच प्रश्न विचारायला हवा. केस स्टडीवरचं ते ठरलेलं वाक्य लिहून हा प्रश्न टाळता येतो, हीच त्या वाक्याची अडचण.

माझा पहिला आक्षेप धर्माबद्दल आहे. चॅपल या पुस्तकात सगळीकडे आहे, पण बसण्याचा तक्ता म्हणून. तिथे काय म्हटलं जातं, कोणत्या प्रार्थना होतात, मुसलमान किंवा हिंदू किंवा ज्यू घरातून आलेल्या मुलाला रोज सकाळी त्या बाकावर बसताना काय वाटतं, हे फार कमी. खान स्वतः पाकिस्तानी मुस्लिम नाव घेऊन त्या बाकांवर बसलेले आहेत, त्यामुळे तर ही उणीव जास्तच जाणवते. बाल्टझेलसाठी एपिस्कोपल असणं हा उच्चवर्गाच्या घडणीचा एक धागा होता. कॉइटसाठी तर शाळा म्हणजे चर्चचंच काम. त्याच शाळेवरच्या पुढच्या मोठ्या पुस्तकात 'एपिस्कोपल' हा शब्द जवळजवळ पाटीवरच राहतो. असं म्हणता येईल की काळ बदलला, श्रद्धा पातळ झाली, तक्ताच उरला. असेलही. पण तसं असेल तर तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष दाखवून द्यावा लागतो. सेवाभाव, नम्रता, आपल्याला मिळालेल्या देणगीची जबाबदारी, ही सगळी भाषा अशा शाळांमध्ये चर्चकडून येते. 'मी मेहनतीने आलो' आणि 'मला देवाच्या कृपेने मिळालं' ही दोन वाक्यं एकाच मुलाच्या तोंडी कशी नांदतात? मला ते वाचायचं होतं. १९५७ मध्ये या शाळेत जॉन वॉकर हे पहिले कृष्णवर्णीय शिक्षक आले. ते पाद्री होते आणि पुढे वॉशिंग्टनचे बिशप झाले. शाळेचं दार उघडण्याच्या गोष्टीत चर्चचा हात कुठे होता आणि कुठे नव्हता, हा धागा तिथे आयता पडलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे.

२०१७ च्या मे महिन्यात शाळेनेच नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९४८ ते १९८८ या काळात शाळेच्या १३ माजी शिक्षक-कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांचं लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारींत तथ्य असल्याचं त्यात नावानिशी म्हटलं होतं. त्याआधी २०१४ मध्ये, सिक्स्थ फॉर्मच्या मुलांनी शाळा सोडण्यापूर्वी धाकट्या मुलींशी जवळीक साधण्याच्या एका 'परंपरे'तून घडलेलं प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि जगभर गाजलं होतं. २०१७ मध्येच राज्याच्या अॅटर्नी जनरलने चौकशी सुरू केली. २०१८ मध्ये शाळेला राज्याशी समझोता करावा लागला, आणि नियम पाळले जातात का हे बघायला एक स्वतंत्र देखरेख अधिकारी नेमणं मान्य करावं लागलं. २०२० मध्ये लेसी क्रॉफर्ड या लेखिकेचं 'नोट्स ऑन अ सायलेन्सिंग' हे आत्मकथन आलं. १९९० मध्ये, पंधराव्या वर्षी, याच शाळेत वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी तिच्यावर अत्याचार केला. पण पुस्तकाचा मोठा भाग त्यानंतरचा आहे. शाळेला कळल्यावर शाळेने काय केलं, कागद कुठे गेले, तिला गप्प कसं बसवलं गेलं. ती १९९२ मध्ये शाळेतून बाहेर पडली. खान १९९३ मध्ये आत आले.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. तेच चॅपल, तीच टेबलं, तीच शिडी. खान म्हणतात, मुलं इथे वरच्यांशी जवळीक साधायला शिकतात, अंतर राखून जवळ जाण्याची कला शिकतात आणि हीच पुढे त्यांची पुंजी होते. क्रॉफर्डच्या पुस्तकात तीच जवळीक सापळा आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहणार, वरचा फॉर्म खालच्या फॉर्मला वळण लावणार, आणि घर शेकडो मैल दूर, ही शॅटक आणि कॉइट यांची १८५६ ची कल्पना. तिच्यातूनच सहजपणा येतो. तक्रार करायला जागा नसणंही तिच्यातूनच येतं. खालच्या बाकावरच्या मुलीला वरच्या बाकावरच्या मुलाविरुद्ध बोलायचं असेल तर ती शिडीच्या कुठल्या पायरीवरून बोलणार?

खान यांनी काही लपवलं असा माझा अजिबात आरोप नाही. मुलींवरचं प्रकरण कच्चं नाही. तो सहजपणा मुलींना मुलांपेक्षा किती महाग पडतो, शरीर आणि लैंगिकता त्यात कशी येते, वसतिगृहात मोठ्या मुलींकडून लहान मुलींना काय सोसावं लागतं, हे त्यात आहे. पण प्रकरणाचा रोख 'मुली प्रिव्हिलेज कसं वागून दाखवतात' यावर आहे. जे दाखवलं जातं ते टिपायला हे उपकरण उत्तम आहे. जे दाबलं जातं ते त्याच्या कक्षेत येत नाही.

लॅबमधलं उदाहरण देते. एचपीएलसीला यूव्ही डिटेक्टर लावून तुम्ही साखरेचं सॅम्पल चालवलंत तर २५४ नॅनोमीटरला काहीच पीक येणार नाही. सॅम्पलमध्ये साखर आहेच. तिच्यात त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषणारा गटच नाही, म्हणून डिटेक्टरला ती दिसत नाही. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स डिटेक्टर लावा, लगेच दिसेल. क्रोमॅटोग्राम खोटा नसतो, पण सपाट बेसलाइन बघून 'साखर नाही' असं कोणी लिहिलं तर गाइड वही फेकून मारतील. वर्षभर शिक्षक म्हणून वावरणारा तरुण पुरुष, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, शाळेच्या परवानगीने आलेला. हा डिटेक्टर चॅपल, जेवण, वर्गातल्या चर्चा फार स्पष्ट टिपतो. पंधरा वर्षांची मुलगी त्याला काय सांगणार नाही, हे मात्र नोंदी सुरू करण्याआधीच ठरलेलं असतं.

आणि हे मी हवेत बोलत नाही, कारण दुसरा डिटेक्टर खान यांनी पुढे स्वतःच लावला. जेनिफर हर्श यांच्यासोबत त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमधल्या लैंगिक अत्याचारावर काम केलं. त्याचं पुस्तक 'सेक्शुअल सिटिझन्स' २०२० मध्येच आलं. तिथे एकटा संशोधक नव्हता. मोठी टीम, सर्वेक्षण, निरीक्षण आणि दीडशेहून अधिक सखोल मुलाखती. अभ्यासक तोच, विषय पुन्हा कॅम्पसवर राहणारी मुलं, पण या वेळी टिपलं गेलं ते वेगळं. पद्धत म्हणजे प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात चिकटवायचा मजकूर असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन पुस्तकं जरूर ताडून बघावीत.

आता एक भानगड, जी मेथडॉलॉजीच्या पेपरात सहसा येत नाही. उच्चभ्रू शाळेवर लिहिताना बहुतेक संशोधक तिचं नाव बदलतात. रुबेन गाझ्तांबिदे-फर्नांदेझ यांनी २००९ च्या 'द बेस्ट ऑफ द बेस्ट' मध्ये आपल्या शाळेला 'वेस्टन' असं टोपणनाव दिलं. खान यांनी विद्यार्थ्यांची नावं बदलली, पण शाळेचं खरं नाव ठेवलं. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. शाळेचा इतिहास सांगायचा तर नाव लागतं, आणि वाचकाला पडताळून बघता येतं. सायन्सवाल्यांना तर हे आवडेलच. पण पुढे शाळेविरुद्ध लैंगिक अत्याचारावरून दिवाणी दावा झाला तेव्हा खान यांच्या फील्ड नोट्ससाठी समन्स आलं. वर्षभराच्या खाजगी नोंदी, ज्यांत अल्पवयीन मुलांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, त्या कोर्टात मागितल्या गेल्या. २०१९ मध्ये त्यांनी यावर एक शोधनिबंध लिहिला.

इथे थांबून विचार करा. नोट्स दिल्या तर ज्या मुलांना 'तुमचं नाव येणार नाही' म्हणून शब्द दिला त्यांचं काय? नाही दिल्या तर ज्या मुलीवर अन्याय झाला तिच्या बाजूचा एखादा पुरावा तुम्ही कपाटात बंद करून ठेवताय का? दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत. संमतिपत्रकावर 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' ही ओळ आपण सगळे कॉपी-पेस्ट करतो. एथिक्स कमिटीचा शिक्का मिळाला की विषय संपला असं धरतो. गोपनीय म्हणजे कोणापासून? गाइडपासून? संस्थेपासून? कोर्टापासून? ही ओळ लिहिणाऱ्याला असा शब्द द्यायचा अधिकार आहे का? सिनॉप्सिस प्रेझेंटेशनमध्ये हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही स्वतःला विचारा.

स्वतःच्याच संस्थेत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आत प्रवेश सहज मिळतो, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ओळखतात, 'आपलाच मुलगा', 'आपलीच मुलगी' म्हणून चहा मिळतो. हा खान यांचाच सहजपणा आहे, तोच तुम्हाला आत नेतो. पण ज्यांना त्या संस्थेविरुद्ध काही सांगायचंय त्यांच्या नजरेत तुम्ही संस्थेचेच असता. तेव्हा 'मला कोण काय सांगणार नाही' अशी एक यादी फील्डवर जाण्याआधी कागदावर उतरवा. ती माणसं दुसऱ्या कोणाशी बोलतील का, मुलाखत दुसऱ्या कोणी घ्यावी का, की त्यासाठी निनावी प्रश्नावली बरी, हे तेव्हाच ठरवता येतं. नंतर 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली दोन ओळी टाकून ते भरून निघत नाही.

पुस्तक वाचायला घेणार असाल तर सरळ पहिल्या पानापासून सुरू करू नका. शेवटी पद्धतीवरचं एक टिपण आहे, ते आधी वाचा. मग दुसरं प्रकरण, चॅपलचं. मग चौथं, मुलींचं, आणि ते वाचताना समासात फक्त एवढंच लिहीत जा की हे खान यांना कोणी सांगितलं आणि कुठे बसून सांगितलं. त्यानंतर क्रॉफर्ड. ते पुस्तक जड आहे, एका बैठकीत वाचू नका, आणि ज्यांना असा काही अनुभव आहे त्यांनी ते बाजूला ठेवलं तरी चालेल. २०१९ चा शोधनिबंध 'सोशिऑलॉजिकल फोरम' या जर्नलमध्ये आहे. विद्यापीठाच्या लायब्ररीच्या लॉगिनवरून मिळतो का बघा. पुढच्या पोस्टमध्ये संमतिपत्रकाचा एक नमुना ओळीओळीने वाचू. तुमच्याकडे तुमच्या विभागाचा फॉर्म असेल तर नावं खोडून पाठवा.